पंडिता रमाबाई : मुलांची श्रद्धा, मंडळी आणि मातृभाषा

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस
• पंडिता रमाबाईंच्या जीवनातील प्रमुख टप्पे क्रमाने सांगता येतील.
• मुलांच्या धर्मशिक्षणाविषयी त्यांच्यापुढे उभे राहिलेले प्रश्न व त्यांनी दिलेली उत्तरे स्पष्ट करता येतील.
• श्रद्धेचे संस्कार आणि भाषेची निवड यांतील संबंध उदाहरणांसह मांडता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या परिचयाचे आहे. ‘स्त्रीधर्मनीति’ या ग्रंथाच्या कर्त्या, शारदा सदनाच्या संस्थापिका आणि अमेरिकेविषयीच्या मराठी प्रवासवर्णनाच्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. प्रस्तुत घटकात त्यांचे जीवन एका विशिष्ट अंगाने पाहावयाचे आहे. लहान मुलाला श्रद्धा कोण देतो, ती कोणत्या भाषेत दिली जाते, आणि त्या श्रद्धेवर मुलाचा स्वतःचा अधिकार केव्हा सुरू होतो, हा प्रश्न रमाबाईंच्या आयुष्यात तीन वेळा उभा राहिला. प्रथम त्या स्वतः शिकणारी मुलगी होत्या. पुढे त्या एका मुलीची आई झाल्या. अखेरीस सुमारे दोन हजार निराधार मुली-स्त्रियांच्या वसाहतीचे आईपण त्यांच्याकडे आले. प्रत्येक वेळी त्यांनी दिलेले उत्तर थोडे वेगळे होते. त्या उत्तरांचा प्रवास समजला की त्यांच्या उत्तरायुष्यातील मराठी बायबलच्या भाषांतराचे प्रयोजनही कळते.

मराठी ख्रिस्ती समाजात उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या श्रद्धावंतांच्या समुदायाला ‘मंडळी’ असे म्हणतात. या घटकात हा शब्द त्याच अर्थाने योजला आहे.

२. घरची पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रीला संस्कृत शिकविणे शास्त्रविरुद्ध मानणाऱ्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांना उडुपी येथे विद्वानांसमोर आपली बाजू मांडावी लागली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि तेव्हापासून या कुटुंबाला स्थिर घर उरले नाही. अनंतशास्त्र्यांचे वय झाल्यावर धाकट्या मुलीच्या शिक्षणाचा भार लक्ष्मीबाईंनी उचलला. आठव्या वर्षापासून आईच्या तोंडून ऐकावे, तसेच म्हणावे आणि पाठ करावे, असा क्रम सुरू झाला. भागवतातील सहस्रावधी श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले ते याच पद्धतीने.

या शिक्षणाची दोन वैशिष्ट्ये भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावीत. पहिले असे की, ते मौखिक होते आणि ऐकणाऱ्या समुदायासमोर ते लगेच उपयोगात येत असे. कुटुंबाचा चरितार्थ पुराणकथनावर चाले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचावे, श्रोत्यांनी शिधा व दक्षिणा द्यावी, असा नित्यक्रम होता. मोठी माणसे जे करीत ते पाहत मूल वाढले आणि वेळ येताच त्यात सहभागी झाले. दुसरे वैशिष्ट्य मातृभाषेचे. कानडी, तेलुगू व तमिळ मुलुखांतून वर्षानुवर्षे हिंडत असूनही घरातील बोली मराठीच राहिली. मराठीचे व्याकरण आपण आईवडिलांचे शुद्ध बोलणे ऐकूनच शिकलो, असे रमाबाईंनी पुढे आत्मनिवेदनात नोंदविले आहे. पाठांतर संस्कृतात आणि जगणे मराठीत, अशी ही द्विस्तरीय भाषाव्यवस्था होती. देवाची भाषा व आईची भाषा निराळ्या असल्या, तर मुलाच्या मनात काय घडते, याचा अनुभव त्यांनी बालपणीच घेतला होता.

दक्षिणेतील दुष्काळात हे कुटुंब उद्ध्वस्त झाले. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वडील आणि आई मरण पावले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. अन्न संपत आले तरी व्रते, दाने, जप, प्रदक्षिणा यांत खंड पडला नव्हता. मात्र त्यांचे फळ दिसत नाही, ही जाणीव रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास यांच्या मनात रुजली. मुखोद्गत असलेले सारे शब्द जिभेवर होते, पण त्यांतील विश्वास ढळू लागला होता.

१८७८ मध्ये भाऊ-बहीण कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत वाचावयास दिली. धर्मग्रंथांचे स्वतंत्र वाचन सुरू होताच स्त्रियांच्या अधिकाराविषयीची शास्त्रवचने त्यांना खटकू लागली. ज्या ग्रंथांनी त्यांना कीर्ती दिली, त्यांच्याच मते त्या ग्रंथांवर स्त्रीचा अधिकार नव्हता. घरी मिळालेल्या श्रद्धेची तपासणी त्यांनी येथून सुरू केली.

३. वाँटेज : मुलीचे धर्मशिक्षण कोणाचे?

१८८० मध्ये श्रीनिवास मरण पावले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने बिपिनबिहारी निवर्तले. तान्ह्या मुलीसह रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. वाढत्या बहिरेपणामुळे तो हेतू सोडावा लागला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व अडीच वर्षांच्या मनोरमेने तेथेच बाप्तिस्मा घेतला.

आईने आपला निर्णय विचारपूर्वक घेतला होता. मुलीच्या वतीने मात्र तो आईनेच घेतला. बाप्तिस्मा झालेल्या या मुलीला पुढे काय शिकवावयाचे, कोणी शिकवावयाचे, हा वाद लवकरच सुरू झाला. रमाबाई चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या, तेव्हा मनोरमेचा सांभाळ मठातील भगिनींकडे होता. त्यांत सिस्टर जेराल्डीन प्रमुख होत्या. माय-लेकी त्यांना आजीबाई म्हणत. इंग्लंडमधील मठात एका इंग्रज संन्यासिनीला मिळालेले हे मराठी नाते या तिघींतील जिव्हाळ्याची साक्ष देते. वाद झाला तो या जिव्हाळ्याच्या आतच.

जेराल्डीनबाईंची भूमिका अशी की, मूल ख्रिस्तमंडळीचे झाले आहे. तेव्हा मंडळीचा संपूर्ण विश्वास त्याला मिळणे हा त्याचा हक्क आहे. रमाबाईंना हे मान्य नव्हते. त्रैक्यासारख्या ज्या सिद्धान्तांविषयी आपल्याच मनात शंका आहेत, ते पाच-सहा वर्षांच्या मुलीने न समजता घोकावेत, ही कल्पना त्यांना पटेना. आपल्या मुलीच्या शिक्षणाविषयीचा अंतिम शब्द आईचा, असा त्यांचा आग्रह होता. मनोरमा भारतीय मुलगी म्हणूनच वाढावी. आपल्या देशबांधवांपासून तिने स्वतःला निराळी किंवा वरचढ समजू नये, हेही त्यांनी निक्षून कळविले. पाठांतराची शक्ती आणि पाठांतराची मर्यादा या दोन्ही गोष्टी जिने स्वतः अनुभवल्या, अशा स्त्रीचा हा आग्रह होता, हे ध्यानात घेतले म्हणजे तो हट्ट वाटत नाही.

याच पत्रव्यवहारात आणखी एक छोटा पण अर्थपूर्ण वाद आढळतो. मठाकडून मिळणाऱ्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. भारतीय स्त्रियांनी गळ्यात घालावयाच्या क्रुसावर त्यांना न समजणारी लॅटिन का असावी, असा प्रश्न रमाबाईंनी केला. त्याऐवजी संस्कृत किंवा मराठी शब्द असावेत, अशी त्यांची सूचना होती. संस्कृत ही देववाणी आहे म्हणून नव्हे, तर ती आपल्या देशाची प्राचीन आणि सुंदर भाषा आहे म्हणून ती आपल्याला प्रिय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील काळात त्यांनी संस्कृतचाही मोह सोडला. ते आपण सहाव्या भागात पाहणार आहोत.

जेराल्डीनबाईंनी हा पत्रव्यवहार जपून ठेवला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये तो प्रकाशित केला. मुलाच्या धर्मशिक्षणाविषयी पालक आणि मंडळी यांच्यात होणाऱ्या संवादाचा दस्तऐवज म्हणून तो आजही अभ्यसनीय आहे.

४. शारदा सदन : उघडे दार

१८८६ ते १८८८ या काळात रमाबाईंनी अमेरिकेत व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनचे साहाय्य मिळविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले व १८९० मध्ये ते पुण्यास हलविण्यात आले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनी होत. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळात होते. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक राहील, असे ठरले होते.

रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह त्या प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. सदनातील काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. यातूनच पुण्यात मोठे वादळ उठले. मुलींना आपण बोलावीत नाही आणि आलेल्यांना घालवूनही देत नाही; कोणत्याही घरातील आईप्रमाणे आपण आपला धर्म उघडपणे पाळतो, अशी रमाबाईंची भूमिका होती. टीकाकारांच्या मते, जिच्यावर मुलींचे अन्न, निवारा व शिक्षण अवलंबून आहे, तिच्या खोलीचे उघडे दार हे निमंत्रणच होते. शिवाय मुलींना सदनात पाठविताना पालकांनी धर्मशिक्षण नसेल या आश्वासनावर विश्वास ठेवला होता. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणाचे वर्णन बहुधा एका पक्षाचे समर्थन करीत केले जाते. आपण दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. मुले उपदेशापेक्षा अनुकरणाने अधिक शिकतात, हे रमाबाई स्वानुभवाने जाणत होत्या. म्हणूनच उघड्या दाराचा परिणाम होणारच, हे त्यांनाही ठाऊक असले पाहिजे. वाँटेजला पालकाचा अधिकार त्यांनी ठामपणे मांडला होता. पुण्यात तोच अधिकार इतर पालक त्यांच्यापुढे मांडत होते. त्यांच्या जीवनातील ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. मुलांच्या श्रद्धेविषयीचा प्रश्न किती अवघड आहे, हे तीवरूनच कळते.

५. केडगाव : मुलांची मंडळी

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बावीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि त्यांनी शेकडो निराधार मुली व तरुण विधवा आणल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध लागू झाल्याने पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची व्यवस्था करण्यात आली. ‘मुक्ती’ या नावाने प्रसिद्ध झालेली वसाहत ती हीच. पुढे गुजरातच्या दुष्काळातील मुलींचीही भर पडली आणि १९०० च्या सुमारास येथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. संकटग्रस्त स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, अंधांसाठी बार्तिमी सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन अशा शाखा निर्माण झाल्या. मनोरमेने परदेशात ब्रेल लिपी शिकून येथील अंध मुलींना ती शिकविली.

मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तथापि ती कोणत्याही एका पंथाच्या अधीन नव्हती. येथे धर्मशिक्षणाची पद्धत तिच्या कर्तीच्या बालपणाशी नाते सांगणारी होती. पवित्र शास्त्रातील वचने पाठ करणे, ऐकणे, म्हणणे हे होतेच. मात्र पाठ करावयाचा मजकूर मराठी होता. मोठ्या मुलींवर धाकट्यांची देखभाल सोपविलेली असे. शेती, विणकाम, छपाई, स्वयंपाक ही कामे आणि प्रार्थना यांचा दिनक्रम एकच होता. रमाबाईंनी स्वतः मराठी भक्तिगीते रचली. उपासनेत मुली श्रोत्या म्हणून मागे बसत नसत. गाणे, वाचणे, प्रार्थना करणे हे त्यांचेच काम होते.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी नित्य प्रार्थनेसाठी स्वेच्छेने एकत्र येण्याचे आवाहन केले. सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. काही महिन्यांत ही संख्या पाचशेच्या वर गेली. जूनअखेर मुक्तीमध्ये धार्मिक नवजागृतीची लाट उसळली. मुली रडत, पापांची कबुली देत, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. त्यांच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत प्रार्थना व प्रचारासाठी जाऊ लागल्या. शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्या अनेक मिशनरींना हा कल्लोळ रुचला नाही. उपासनेच्या भारतीय रीतीला आपण पाश्चात्त्य वळण लावू नये, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून त्यांनी तो थांबविला नाही. सर्वांनी एकदम बोलण्याच्या या प्रार्थनेत कोणा एका अधिकृत व्यक्तीने बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, ही विभागणीच उरत नाही. जिला वर्षापूर्वी अक्षरओळख नव्हती, ती मुलगीही स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलू लागते. मुलांच्या सहभागाचे याहून ठळक उदाहरण तत्कालीन महाराष्ट्रात क्वचितच आढळेल.

येथेही १८९३ चा प्रश्न संपत नाही. दुष्काळातून आलेल्या मुलीला जाण्यासाठी दुसरे घर नव्हते. ज्या हातांनी तिला भाकर दिली, त्याच हातांनी तिला शास्त्रही दिले. अशा वेळी तिचा स्वीकार कितपत स्वतंत्र मानावयाचा? रमाबाईंचा भर सक्तीवर नव्हता, हे खरे. तरी अवलंबनाचे वजन सक्तीवाचूनही पडत असते. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना वाचविलेल्या जीवांचा आणि या प्रश्नाचा, दोहोंचाही विचार अभ्यासकाने करावयास हवा.

६. सोपे मराठी बायबल

मुलींनी शास्त्र स्वतः वाचावे, तर ते त्यांना कळले पाहिजे. प्रचलित मराठी भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा केडगावच्या मुलींना अवघड जाई. शिवाय त्यातील कित्येक शब्दांना जुन्या धर्मकल्पनांचे अर्थ चिकटलेले आहेत, असे रमाबाईंना वाटे. वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा कसून अभ्यास केला आणि संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. जुळणी आणि छपाई मुक्तीच्या छापखान्यात तेथील मुली-स्त्रियांनीच केली. ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहिला जात होता, त्याच तो छापत होत्या.

ख्रिस्ती आशय मराठीत आणण्याची परंपरा जुनी आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ सिद्ध केले, ते ओवीचा आणि पुराणशैलीचा आश्रय घेऊन. रमाबाईंची वाट याच्या उलट होती. पुराणकथनात वाढलेल्या या विदुषीने पुराणाची भाषा जाणीवपूर्वक दूर ठेवली. स्टीफन्स यांनी परिचित धार्मिक शब्दांच्या आधारे नवा आशय जवळ आणला. रमाबाईंनी नित्याच्या बोलण्यातील शब्द निवडून तो जवळ आणण्याचा प्रयत्न केला.

भाषाशास्त्रीय दृष्टीने पाहता हा प्रयत्न अंशतः सफल झाला. शब्दसंग्रह सोपा झाला. पण मूळ वचनाशी एकनिष्ठ राहण्याच्या आग्रहामुळे वाक्यरचना अनेक ठिकाणी हिब्रूच्या वळणाने गेली आणि मराठीच्या स्वाभाविक पदक्रमापासून दूर राहिली. शब्द सोपे असूनही वाक्य अवघड वाटू शकते, हा धडा या भाषांतरातून मिळतो. मंडळ्यांमध्ये त्याचा सार्वत्रिक प्रसार झाला नाही. तरीसुद्धा एका स्त्रीने मूळ भाषा शिकून, अल्पशिक्षित मुली व स्त्रिया हा वाचकवर्ग समोर ठेवून संपूर्ण बायबलचे भाषांतर करावे, ही घटना असामान्य आहे.

जुलै १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. आईच्या कार्याची उत्तराधिकारी आईच्या आधी गेली. रमाबाईंनी भाषांतराची उरलेली मुद्रिते तपासून पूर्ण केली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

७. समारोप

रमाबाईंच्या जीवनातून मुलांच्या श्रद्धेविषयी एकच एक सिद्धान्त हाती येत नाही. केवळ पाठ केलेले शब्द संकटात पुरे पडत नाहीत, हे त्या बालपणी शिकल्या. जे समजत नाही ते मुलावर लादू नये, असे त्यांनी आई म्हणून सांगितले. मोठ्यांचे आचरण मुलांना दिसू द्यावे, असा आग्रह त्यांनी शारदा सदनात धरला आणि त्याची किंमत मोजली. केडगावला त्यांनी मुलांच्या हाती गीत, प्रार्थना आणि शेवटी शास्त्रग्रंथही दिला. या सर्व टप्प्यांना जोडणारे सूत्र भाषेचे आहे. मूल ज्या भाषेत आईशी बोलते, त्या भाषेत त्याला देवाशी बोलता आले, तरच मंडळीतील त्याचा सहभाग खरा ठरतो. असे बोलू लागलेले मूल उद्या प्रश्नही त्याच भाषेत विचारणार, हेही रमाबाईंच्या स्वतःच्या जीवनाने दाखवून दिले आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. रमाबाईंच्या बालपणातील शिक्षणपद्धतीची दोन वैशिष्ट्ये सांगा.
२. मनोरमेच्या धर्मशिक्षणाबाबत रमाबाई व सिस्टर जेराल्डीन यांच्या भूमिकांतील फरक स्पष्ट करा.
३. १८९३ च्या शारदा सदन वादातील दोन्ही बाजू मांडून आपले मत सकारण लिहा.
४. ‘शब्द सोपे असले तरी वाक्य सोपे होतेच असे नाही.’ रमाबाईंच्या बायबल भाषांतराच्या आधारे या विधानाची चर्चा करा.
५. आपल्या परिसरातील कोणत्याही एका धार्मिक समुदायात मुलांचा उपासनेतील सहभाग कसा असतो आणि तेथे कोणती भाषा वापरली जाते, याचे निरीक्षण करून एक टिपण तयार करा.